एका भगिनीच्या पोटासाठी

सन्माननीय अध्यक्ष पाळकसाहेब, व्यासपीठावर बसलेले वडीलजन, महिला संघाच्या अध्यक्षाबाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या नर्सबाई, आणि प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

सर्वांना माझा नम्र सलाम. मला बोलायची सवय नाही. मी शिंपी माणूस, माझं तोंड बहुतेक वेळ टाचण्यांनी भरलेलं. शाळाही अर्धवटच. पाळकसाहेब म्हणाले, "काका, गायनमंडळाचे झगे तुम्ही शिवता, सगळ्यांची मापं तुम्हाला ठाऊक. दोन शब्द तुम्हीच बोला." मी हो म्हणालो आणि तेव्हापासून जीव टांगणीला लागला आहे. काय बोलावं आणि काय गिळावं, काही सुचत नाही. तरी बोलतो.

बाई नव्या आल्या तेव्हा आपली बुधवारची प्रार्थना कशी चालायची, आठवतं का? कुणीतरी उठायचं आणि म्हणायचं, "एका भगिनीच्या पोटासाठी प्रार्थना करा." नाव सांगायचं नाही, ही आपली जुनी रीत. चारचौघांत कुणाची लाज जाऊ नये म्हणून पडलेली. वाईट नाही. आपण डोळे मिटायचो, आमेन म्हणायचो आणि घरी जायचो. पुढच्या बुधवारी पुन्हा तीच भगिनी, तेच पोट.

एकदा बाई मध्येच म्हणाल्या, "प्रार्थना करूच. पण ती भगिनी कोण? तिला जळजळतं, की पोट साफ होत नाही?"

वेदीसमोर असा प्रश्न. वडीलजनांतले एक जण खोकायला लागले ते थांबेचनात. शेवटी मागून घड्याळमावशी बोलल्या. उपासनेला कोण किती उशिरा आलं ते सांगतात, त्याच. म्हणाल्या, "माझंच पोट समजा. दिवस-दिवस साफ होत नाही, आणि लोक म्हणतात मावशी चिडकी." शेजारची म्हणाली, "अगं बाई, मला वाटलं ती प्रार्थना माझ्यासाठीच चाललीय." मग आणखी एक. हसता हसता कळलं, एका भगिनीच्या नावाखाली निम्मा महिला संघ दुखणं काढत होता. प्रत्येकीला वाटे, झाली की आपल्यासाठी प्रार्थना, आता दवाखाना कशाला?

तिथून बाईंचा वर्ग सुरू झाला. मी मागच्या खोलीत झगे दुरुस्त करायचो, म्हणून कानावर पडायचं. पुरुषाने ऐकू नये असंही पडायचं, क्षमा करा. पाळी जायच्या वयात पोटाचं तंत्र बदलतं, त्यात लाजायचं काही नाही. पाणी प्या, भाज्या-फळं खा, रोज चाला. सगळ्यांचं उरकून उभ्या-उभ्या गिळू नका, बसून चावून खा. कळ आली तर प्रवचन संपायची वाट बघू नका. पाळकसाहेब, हे बाईंचं म्हणणं, माझं नव्हे. आणि वजन आपोआप उतरलं किंवा शौचातून रक्त गेलं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, मोठा दवाखाना गाठायचा.

एक जण म्हणाली, "पण बाई, सोसणं हाच आपला क्रूस नाही का?"

बाई म्हणाल्या, "प्रभूकडे इतके आजारी आले. घरचं आवरून आलीस का, असं त्याने एकीलाही विचारलं नाही."

विचारणारी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली.

आता बाईंची बदली झाली. मोठं काम मिळालं, आनंद आहे. पण माझ्याच्याने हसरं तोंड होत नाही. कारण एक भगिनी अजून उरली आहे. तिने वर्गात कधी तोंड उघडलं नाही. नाव मी घेणार नाही. नाव घेतलं तर घरी मला जेवण मिळेल, पण आदळलेल्या ताटात.

तिचा झगा मी या वर्षात दोनदा आत घेतला. पहिल्यांदा म्हणाली, "धुऊन धुऊन सैल झालाय." कापड धुतल्याने आटतं, हे शिंप्याच्या घरात कोण विसरेल? दुसऱ्यांदा काही म्हणाली नाही. जेवायला बसते, दोन घास घेते, मुलांना वाढायला उठते ती उठतेच. विचारलं की, "पित्त आहे, बाबा." आणि पोट बरं व्हावं म्हणून करते काय? तर शुक्रवारचा कडक उपास. अन्नावाचून वाळत चाललेल्या अंगासाठी उपास. मुलगा माझा जहाजावर. त्याला फोनवर सांगते, "सगळे मजेत."

शेवटी तिने बाईंना सांगितलं, रक्त जातं म्हणून. बाईंनी लगेच मोठ्या दवाखान्यात तपासणीची वेळ घेतली. ही म्हणाली, वर्धापनदिनाची गाणी होऊ द्या. ती झाली. मग मुलांची परीक्षा. तीही झाली. मग म्हणाली, बाईंचा निरोप होऊ द्या. तो आता होतोच आहे, आणि सकाळी बाई निघणार. त्या गेल्या की ही जाणार नाही, मला माहीत आहे.

अध्यक्षसाहेबांनी घंटी वाजवली, ऐकली मी. थोडं सांभाळून घ्या. दवाखाना बाईंच्या वाटेवरच आहे. गाडीत जागा आहे, मी विचारून आलो. तपासणी होईपर्यंत थांबेन, असं बाई म्हणाल्या आहेत. काय निघेल, या काळजीने माझा डोळा लागत नाही. कदाचित काही निघणारही नाही. पण बघितल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून मंडळीला विनंती, या खेपेला नाव घेऊन प्रार्थना करा. सूनबाई, चारचौघांत बोललो, मला घरी काय हवं ते बोल. पण उद्या गाडीत बस. मुलांना मी सांभाळतो. जेवण करपलं तर करपलेलं खातील.

अशी खाली बघू नकोस, पोरी. बाई, तुम्ही कुठे उठलात? बरं, बसा तिच्याजवळ.

काय म्हणालीस? जरा मोठ्याने, मला कमी ऐकू येतं.

बरं. जातेस म्हणालीस, बरं झालं.

बाई, मंडळीच्या वतीने तुमचे आभार. माझ्या वतीने वेगळे मानायचे होते, ते आता मानता येत नाहीत. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, या व्यासपीठावर न शोभणारं काही निघालं असेल, तर म्हाताऱ्याला माफ करा.

आता गायनमंडळ निरोपाचं गीत म्हणेल. सर्वांनी उभं राहावं. सूनबाई, तू बसूनच म्हण.