गाडीचा सौदा, अहिराणीत

(धुळ्यातलं गाड्यांचं शोरूम. चाळीसगावकडचे शेतकरी लोटन देवरे, त्यांची मुलगी कामिनी, आणि टाय लावलेला सेल्समन नवीन.)

नवीन: ...तर सगळं धरून, काका, गाडी रस्त्यावर येईपर्यंत आठ चाळीस. यापेक्षा खाली आम्ही कोणालाच देत नाही.

लोटन: आठ लाख चाळीस हजार? अरे भाऊ, जरा तिच्याकडे बघ तरी! पुढून डोळे बटबटीत, मागून पार बसकी. दार लावलं तर डब्याचं झाकण वाजावं तशी वाजते.

नवीन: काका, या वर्षी सगळ्यात जास्त खपलेली गाडी आहे ही.

लोटन: खपायचं काय घेऊन बसलास! बाजारात लंगडा बैलही खपतो. घेणारा मग घरी जाऊन रडतो.

कामिनी: पण आबा, पांढरा रंग किती छान दिसतोय, नाही?

लोटन: कामिनी! येता येता काय सांगेल व्हतं मी तुले? बैल कितला बी आवडू दे, मालकसमोर नाक मुरडानं!

कामिनी: हो, हो. म्हणजे... रंग बराय. पण आपल्याकडच्या धुळीत दोन दिवसांत मळणार.

नवीन: पांढरी गाडी उन्हात कमी तापते, मॅडम. तुमचं फिरणं जास्त आहे का?

कामिनी: खूप. नवरीचा मेकअप करते मी, लग्नघरी जाऊन. पारोळा, अमळनेर, साक्री, बोलावतील तिकडे. आत्ता भावाच्या मोटारसायकलवर मागे बसते, पेटी मांडीवर घेऊन. परवा खड्ड्यात गाडी आदळली आणि पेटी उघडली. नवरी राहिली बाजूला, माझा भाऊच गोरा झाला!

नवीन: मग तर तुम्हाला गाडी लागणारच.

लोटन: लागणारच असं काही नाही हो. हौस आहे पोरीची. झायं! सांगी टाकं बठ्ठं, काहीच बाकी ठेवं नही! आते तो भाव कसाले उतारी?

कामिनी: आबा, हळू बोला ना. ऐकू जास त्याले.

लोटन: ऐकू जाऊ दे. टायवाला पोऱ्या शे, पुन्याकडे शिकेल दिसस. त्याले काय समजस आपली अहिराणी?

नवीन: काही म्हणालात का, काका?

लोटन: काही नाही, म्हटलं पाणी मिळेल का.

नवीन: मिळेल की. आणतो.

कामिनी: आबा, गया तो. आते सांगा, कसं करानं? आपलाजोडे आठना वर एक रुपया नही. मना जमाडेल आनि तुम्हना कपाशीना, बठ्ठा धरीसन आठ. घर मनी मावशी तं टपीच बठेल शे. आज गाडी नही जमनी तं ती म्हनी, चाला, हाऊ पैसा कामिनीना लगीनले लावा. मंग मनी गाडी कायमनी गई.

लोटन: रडू नको. रडनी तं गिऱ्हाईक अडेल शे असं कये. ऐक. त्याना कागदवरना तो इन्शुरन्स, ते हँडलिंग का फँडलिंग, त्या सीटवरन्या गाद्या, तठे चरबी शे. तठेच काप.

कामिनी: आनि तरी नही जमनं तं?

लोटन: जमी. पन एक ध्यानमा ठेव, त्या पोऱ्याना पोटवर पाय नको देऊ. सकायथून उभा शे बिचारा. चार वेळा गाडी दाखाडी, चार वेळा तेच सांगं, कपायले एक आठी नही. त्यानं कमिशन त्याले ऱ्हाऊ दे. काढनं तं मालकनं काढ. तो दख, उना बी.

नवीन: घ्या काका, पाणी. मॅडम, तुम्हीही घ्या.

कामिनी: मला हे हँडलिंग चार्ज म्हणजे काय ते सांगा आधी. गाडी तुमची, अंगण तुमचं, मग हाताळायचे पैसे आम्ही का द्यायचे?

नवीन: मॅडम, ते... ती पद्धत असते.

कामिनी: आणि या सीटवरच्या गाद्या? जळगावला निम्म्यात मिळतात. बोला ना.

नवीन: काका... नाना, एक सांगू का? राग नका धरू. माले बठ्ठं समजस.

लोटन: आं?

नवीन: मी साक्रीकडना शे. घरमा अहिराणीच बोलतस. आठे शोरूममा बोलनं तं मॅनेजर डोया वटारस.

लोटन: अरे देवा! म्हणजे ते आठचं, मावशीचं...

नवीन: बठ्ठं ऐकं. पानी लेवाले मी लांब गयाच नव्हतू, पानीनं मशीन आठेच मांगे शे.

कामिनी: मेलो आपण, आबा! आता काय राहिलं भाव करायला?

लोटन: मंग भल्या मानूस, आतेलोंग गप्प काबर बठना?

नवीन: पहिले मज्या वाटनी. मंग वाटनं, यासनाजोडे आठ लाख रुपया शेत ना, मंग आठलेच बसाडू. खोटं कसाले बोलू? पन तुम्ही मना पोटनं बोलनात, नाना. आठे रोज लोक येतस, शिव्या देतस, चहा पिऊन चालना जातस. मांगे कोनी असं बोलस असं माले माहीतच नव्हतं. डोयामा पानीच उनं मना.

लोटन: आता तू नको रडू बाबा, एकीला आवरतोय तेच पुष्कळ झालं!

नवीन: ताई, ऐका नीट. हँडलिंग देऊच नका. विमा बाहेरच्या भावात मागा, गाद्या जळगावहून घ्या. आणि मागच्या आवारात हीच गाडी उभी आहे, पांढरीच. फक्त गेल्या वर्षी बनलेली. उद्या विकायला काढली तर किंमत थोडी कमी येईल, हे आधीच सांगून ठेवतो.

कामिनी: मला विकायची कुठं आहे? चालवायची आहे.

नवीन: मग झालं. महिना संपतोय आणि मॅनेजरच्या टार्गेटला एक गाडी कमी पडतेय. तुम्ही दोघं उठा आणि दाराकडे चालायला लागा. मी आत जाऊन सांगतो, गिऱ्हाईक चाललं म्हणून.

लोटन: हे मला चांगलं येतं. चाल कामिनी. मांगे नको दखू!

कामिनी: आबा, किती भरभर चालताय! खरंच बाहेर पडू आपण!

लोटन: गप. दार लोटानं नही, नुसता हात लावानं.

नवीन: काका! मॅडम! थांबा! अहो, या इकडे. मागच्या आवारातल्या गाडीसाठी मॅनेजर साहेबांनी सही केली. विमा, पासिंग सगळं धरून सात नव्वद.

कामिनी: सात नव्वद? आबा! खरंच?

लोटन: पाहू बरं कागद. हं. आहे, सात नव्वदच आहे. आणि तुझं त्यात काही गेलं का रे, पोऱ्या?

नवीन: नही नाना. मनं मना जागावर शे. आता गाडी कोणाच्या नावावर करायची? तुमच्या?

लोटन: तिच्या.

कामिनी: आबा, मावशी म्हणत होती, वडलांच्याच नावावर असू दे. पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, मग गाडीपण...

लोटन: जाऊ दे ना. तुझी आहे, तुझ्याबरोबर जाईल.

नवीन: फक्त एक बघा, नाना. लग्नानंतर ताईंचं नाव बदललं, की कागदांचा सगळा व्याप पुन्हा करावा लागतो.

लोटन: तू लिही. कामिनी लोटन देवरे. नाव बदलाले लावी असा जवाईच नको माले.