लांबीचे चार डबे

रंगाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा होता, त्याच्यापुढे एक सुतार. सुतार मागे वळला.

"लांबीचे चार डबे? घर काढलंत का रंगवायला, काका?"

"होडी. नऊ वर्षं शेडमध्ये पडलीय. करंगळी जाईल एवढ्या फटी."

"मग लांबी नको. लाकूड सुकलंय नुसतं. आठवडाभर काठाला बुडवून ठेवा, फळ्या फुगून फटी आपोआप मिटतील. आता लांबी भरलीत, तर फुगताना फळ्याच फुटतील."

"आठवडा नाही हो माझ्याकडे. लेक येतेय रविवारी. होडी तयार आहे म्हणून सांगितलंय."

"पुढच्या रविवारी ये म्हणा की! लेकच ना?"

"नऊ वर्षांत पहिल्यांदा 'येते' म्हणालीय."

"...काका, फुटेल हो ती."

"फुटू दे. सोमवारी फुटू दे."