गालावरचं पान

(ताडकळसजवळचा माळ. दिवस मावळतीला आलाय. दहावी पास झालेली रुपाली, तिची माय भिवराबाई आणि मेंढ्यांभोवती जाळी लावत असलेले तिचे वडील, आप्पा.)

रुपाली : मग सांग की माय. माझ्या तोंडाला दहापैकी किती मार्क?

माय : हे काय इचारणं हाय? ते कोकरू धर आधी. उपाशी हाय ते.

रुपाली : धरलंय. आता सांग. वर्गातल्या निकिता अन् नीलमनं पैज लावलीय. म्हणल्या, मायला हे विचारून दाखव. त्यांना वाटतं मी भिईन.

माय : त्यांनी आपापल्या मायला इचारलं का?

रुपाली : हौ. निकिताची आई म्हणली, भांडी घासलीस तर दहा. नीलमच्या आई शाळेत शिकवतात ना, त्यांनी साडेसात दिले अन् वर म्हणल्या, प्रगती समाधानकारक.

माय : आन् माझ्यासारख्या अंगठेवाल्या बाईनं काय म्हणावं?

रुपाली : तुला जे वाटेल ते.

माय : धा.

रुपाली : एवढ्या पटकन नाही. नीट बघून दे. डावा गाल बघून.

माय : बघितला. धा. सोड आता ते कोकरू, पोट भरलं त्याचं.

रुपाली : तू मेंढीकडं बघत म्हणलीस.

आप्पा : काय चाललंय मायलेकीचं? तिकडं खुंटा ढिला झालाय, त्याची कुणाला फिकीर न्हाई.

रुपाली : आप्पा, तुमी पण द्या. माझ्या तोंडाला मार्क.

आप्पा : मला दात दाखव, मी लगेच सांगतो. दोन दात, चार दात, हिशोब मोकळा.

रुपाली : मी काय मेंढी आहे?

आप्पा : मेंढीचं बरं असतंय बाई. ती इचारत न्हाई.

रुपाली : ऐका ना. निकिताच्या फोनात एक ॲप आहे. तोंड दाखवलं की मार्क देतं. नुसते मार्क नाही, कुठं काय चुकलंय तिथं लाल गोल करून दाखवतं. निकिताचं म्हणे कपाळ मोठं. नीलमचे म्हणे दोन डोळे सारखे नाहीत. ती काल दुपारपासून आरशासमोर एक डोळा झाकून बसलीय.

माय : चुकलंय म्हंजी? कुणाच्या हिशोबानं?

रुपाली : तेच तर कळेना. हिशोब कुठं लिहिलेलाच नाही. मी सगळी बटणं दाबून बघितली.

आप्पा : तुला किती दिले?

रुपाली : पाच पॉइंट आठ. गालावर हा एवढा गोल. खाली लिहून आलं, 'डाग'. त्याच्याखाली बटण, 'स्वच्छ करा'.

माय : तू दाबलंस?

रुपाली : निकितानं दाबलं. लगेच गाल साफ, एकदम सात पॉइंट नऊ. ती मी नव्हतेच माय. पण खरं सांगू, लय छान होती ती पोरगी. मी बराच वेळ बघत बसले तिच्याकडं.

माय : पुसून टाक म्हणावं ते फोनातून.

रुपाली : थांब की, गंमत तर पुढंच आहे. मग मी त्याला आपला सरदार दाखवला.

आप्पा : आपला सरदार? मेंढा?

रुपाली : हौ. जाळीपाशी उभा होता, रवंथ करत. सात पॉइंट एक.

आप्पा : बराबर दिलेत.

रुपाली : काय बरोबर? त्याचं एक शिंग अर्धं मोडलेलं आहे. त्याच्यावर साधा गोलसुद्धा नाही.

आप्पा : त्या शिंगाला नावं ठिवू नको. चार कळप एक झाले तरी त्याच शिंगावरनं मी त्याला काढून आणतो.

रुपाली : मी नाही नावं ठेवायले. मला एवढंच कळेना की ते बघतं काय. मी लिंबाच्या सावलीत उभी राहिले तर सहा पॉइंट नऊ. उन्हात आले तर पाच पॉइंट तीन. पाच पावलांत माझं तोंड कसं बदलेल? मी तर तीच होते.

माय : मग सोड की. सावली पडली की उलटं बोलतंय, त्या यंत्राचं कामून मनावर घेतीस?

रुपाली : मी सोडलंच होतं. खरंच सोडलं होतं माय. हसून विसरले पण होते. पण ते कालचं झालं. आज दुसरं मशीन होतं.

आप्पा : कंचं दुसरं? आज तर तू नागनाथाच्या सेंटरवर गेलतीस. हॉस्टेलच्या फॉर्मासाठी.

रुपाली : हौ.

आप्पा : झाला ना फॉर्म?

माय : रुपे, आप्पा काय इचारायलेत? झाला का?

रुपाली : नाही झाला.

आप्पा : कामून? लाईट न्हवती?

रुपाली : लाईट होती. नेट होतं. कागद सगळे होते. परभणीच्या हॉस्टेलच्या पहिल्या यादीत माझं नाव पण होतं, अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर, नागनाथदादानं मोठ्यानं वाचून दाखवलं. फक्त शेवटी तोंड दाखवायचं असतं. डोळे मिचकवायचे, मान इकडं, मान तिकडं. मग ते कार्डावरच्या फोटोशी जुळवून बघतं. तीनदा केलं. तीनदा तेच आलं, 'चेहरा जुळत नाही'.

माय : जुळत न्हाई म्हंजी? तोंड तुझं, कार्ड तुझं.

रुपाली : मी पण तेच म्हणले. मागं पंधरा माणसं लायनीत उभी. एक बाबा म्हणले, 'मग पोरी, तू हायेस तरी कोण?' सगळे हसले. मी पण हसले. तिसऱ्यांदा आलं तेव्हा नाही हसता आलं.

आप्पा : परवा तारीख संपायलीय ना?

रुपाली : हौ, परवाच. अन् आता एकदाच दाखवता येतं. चौथ्यांदा पण नाही जुळलं तर फॉर्म बंद.

आप्पा : आन् तू आल्या आल्या मार्काचं घिऊन बसलीस.

रुपाली : कसं सांगावं ते कळंना. पैजेच्या नावानं सुरू केलं.

आप्पा : बरं. नागनाथ काय म्हणला?

रुपाली : त्यानं कार्डावरचा फोटो मोठा करून दाखवला. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर. माय, त्या फोटोत माझ्या गालावर काहीच नाही.

आप्पा : काहीच न्हाई?

रुपाली : कोरा गाल. मी म्हणले हा फोटो माझा नाहीच. पण कानातली बाळी माझीच, फ्रॉक पण माझाच, तो पिवळा. नागनाथदादा म्हणला, छपाईत उडालं असेल. म्हणला, उद्या गालाला पावडर थापून ये, फोटोसारखी दिसलीस की जुळेल.

आप्पा : मग झालं तर. पावडर थापायला काय लागतंय? छपाईत उडालं, त्येला आपण काय करणार.

माय : उडालं न्हाई ते.

आप्पा : तुला काय ठावं?

माय : म्या झाकलंतं.

रुपाली : काय?

माय : तू सात वरसाची होतीस. चुडाव्याला फोटू काढायले म्हणून कळलं. तुझे आप्पा मेंढ्या घिऊन नदीकडं गेल्ते. म्या तुला रेल्वे टेसनाच्या नळावर न्हेलं, तोंड धुतलं. दुकानातून पावडरचा डबा घेतला. आधी कुंकवाच्या बोटानं जरा तांबूस केलं, वरून पावडर. मग केस वढले गालावर. फोटूवाला म्हणला, केस मागं घ्या. मी भ्याले. पण मागं घेतले तरी काही दिसलं न्हाई.

आप्पा : मला कधी बोलली न्हाईस.

माय : काय बोलू? मला वाटलं हे कार्ड जलमभर राहतंय. उद्या कुणी पोर बघाया आलं, कुणी कागद मागितला, तर येवढ्या एका जागी तरी तिचा गाल बिनडागाचा असावा.

रुपाली : म्हणजे मशीनजवळ जी पोरगी आहे ती तू बनवलेली.

माय : हौ. जसं तुझ्या निकितानं बटण दाबलं तसंच म्या दाबलं म्हण.

रुपाली : मी तसं नाही म्हणले.

माय : तू न्हाई म्हणलीस. मीच म्हणते. माझ्यामुळंच झालंय सगळं, डाग बी आन् हे बी. ग्रहण लागलंतं. तू पोटात. सासूबाई म्हणल्या, गप आत बस, काही कापू नको. हे तापानं पडलेले. मेंढ्या दोन दिवसाच्या उपाशी, वरडून वरडून बेजार. म्या कोयता घेतला आन् लिंबाचे डहाळे तोडले. तू झालीस ते गालावर पान घिऊनच.

रुपाली : ग्रहणानं तसं काही होत नाही माय. विज्ञानाच्या पुस्तकात आहे. मी तुला वाचून पण दाखवलंय.

माय : दाखवलंस. मला पटलं बी. पण कोयता माझ्या हातात होता ना, पुस्तकाच्या हातात न्हवता.

आप्पा : मेंढ्या जगल्या त्या डहाळ्यांवर. एक बी मेली न्हाई त्या साली. येवढं मला ठावं हाय.

रुपाली : माय, मग वेणी घालताना तू नेहमी एक बट गालावर सोडतेस ती पण त्याच्यासाठी?

माय : हौ.

रुपाली : मला वाटायचं ती फॅशन आहे. मी सगळ्या वर्गाला सांगत फिरायचे, माझी माय लय फॅशनवाली आहे म्हणून. नीलमनं तर तशी बट सोडायला सुरुवात पण केली होती.

आप्पा : हसू नका दोघी. म्हंजी हसा, पण उद्याचं काय ते ठरवा. माझं ऐक रुपे. मागच्या महिन्यात त्या काळ्या मेंढीचं कोकरू मेलं तवा आपण काय केलं?

रुपाली : त्याचं कातडं काढून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधलं. वास आपल्याच लेकराचा आला, म्हणून तिनं त्याला पाजलं.

आप्पा : मग? कोकराचं काय गेलं? जगलंच ना. तसंच समज. येक दिवस पावडर थाप, आत जा, जागा पक्की कर. मग तोंड धून टाक.

रुपाली : ते कातडं तुमी किती दिवस ठेवलंतं?

आप्पा : दोन-तीन दिवस. मग मेंढी आपसूक वळखाया लागती.

रुपाली : हॉस्टेलच्या दारात पण हेच मशीन आहे आप्पा. नागनाथदादानं सांगितलं. रोज सकाळी जाताना, रोज संध्याकाळी येताना तोंड दाखवायचं, त्याशिवाय हजेरीच लागत नाही. ते काही तीन दिवसांनी आपसूक ओळखणार नाही. मग दोन वर्षं रोज कातडं बांधून जायचं का?

आप्पा : हे बोलला न्हाई नागनाथ मला.

रुपाली : अन् पावडर लावून जुळेलच हे तरी कुणाला माहीत आहे? सात वर्षांचं नाक अन् आताचं नाक सारखं आहे का? मी दादाला विचारलं, नक्की गालामुळंच अडलं का? तो म्हणला, अंदाज आहे. त्याला पण माहीत नाही. एक मशीन म्हणतं पान आहे म्हणून मार्क कमी. दुसरं म्हणतं पान आहे म्हणून तू रुपालीच नाहीस. अन् सरदार तिकडं सात पॉइंट एक घेऊन उभा. माझं डोकंच चालेना.

माय : मग नवा फोटू काढता येतो का कार्डाला?

रुपाली : येतो. पूर्णेला. पण तो चढायला आठ-दहा दिवस लागतात.

माय : आन् तारीख तर परवा.

रुपाली : हौ.

आप्पा : म्हंजी जागा जाती.

रुपाली : जाऊ शकते. दुसऱ्या यादीत चारच जागा आहेत.

माय : न्हाई बाई. मी केलं ते तू कामून भोगावं? लाव पावडर. म्या लावते, मला जमतंय. कुणाला कळणार न्हाई.

रुपाली : माय, इकडं बघ जरा. मेंढीकडं नाही, इकडं. आता दे मार्क.

माय : मला न्हाई देता यायचे.

रुपाली : मघाशी तर दहा दिलेस.

माय : मघाशी बघितलंच न्हवतं. पंधरा वरसं त्या गालावरनं नजर काढून घेतली म्या. आज बघायले तर... ते पान खाली जरा दुमडल्यावाणी हाय. मला ठावंच न्हवतं.

रुपाली : हौ, देठाकडं. मला तर पहिल्यापासून माहीत आहे.

आप्पा : मग काय करायचं म्हणतीस रुपे? तूच सांग. आमाला ह्यातलं काय कळंना.

रुपाली : मला पण कळंना आप्पा, पण मी ठरवलंय. उद्या सेंटरवर जायचं नाही. सकाळच्या गाडीनं मी पूर्णेला जाणार, कार्डाला नवा फोटो काढणार, पानासकट. त्याची पावती घ्यायची अन् तिथून रेल्वेनं तशीच परभणीला. हॉस्टेलच्या मॅडमसमोर उभी राहणार, मार्कलिस्ट दाखवणार अन् म्हणणार, मशीनला दहा दिवसांनी कळेल, तुमी आत्ता बघून घ्या.

आप्पा : आन् त्या न्हाई म्हणल्या तर?

रुपाली : तर दुसरी यादी. तिच्यात पण नाही लागलं तर ताडकळसहून रोज एसटीनं जाईन. अकरावी मात्र परभणीलाच करणार.

माय : म्या येऊ संगं?

रुपाली : तुला यावंच लागेल. मॅडमनी फोटोचं विचारलं तर सांगायचंय ना, नळावर काय झालं ते.

माय : सांगते.

रुपाली : अन् सकाळी वेणी तूच घाल, माय. सगळे केस मागं ओढून. ती बट सोडू नको.