निरोगी इंजिन

सहलवाली : ...आणि विमानातून उतरलात की दारातच छोटी गाडी उभी असेल, काका. तुम्हाला एक पाऊलसुद्धा चालायचं नाही.

बाबा : का? माझ्या पायांना काय धाड भरलीय?

वायसर : काही नाही. आराम म्हणतात त्याला. तुमची कधी गाठ पडली नाही, म्हणून ओळख पटत नाहीये.

सहलवाली : हॉटेलात तर उशांचा मेनू आहे. नऊ प्रकार. आमचे काही पाहुणे खास त्यासाठी पुन्हा जातात.

बाबा : उशीसाठी?

वायसर : बाबा, लोक याहून फालतू कारणांसाठी लग्नं करतात. मॅडम, तुम्ही शर्यतीचं सांगा.

सहलवाली : शर्यतीला तर राजेशाही थाट! ही बघा, शेवटच्या वळणावरची काचेची केबिन. मऊ खुर्च्या, एसी, पायांवर घ्यायला शाल. काच तिहेरी आहे. समोरून गाड्या सुसाट जातात, पण आत टाचणी पडली तरी ऐकू येईल.

बाबा : आणि गाडी?

सहलवाली : छे! गाडी अजिबात ऐकू येत नाही. हमी देतो आम्ही.

बाबा : म्हणजे टीव्ही.

वायसर : मोठा टीव्ही.

बाबा : आपल्या टीव्हीला निदान आवाज आहे.

सहलवाली : टीव्हीपण आहेत ना आत, काका! पाच आहेत. सगळे त्यावरच बघतात. काचेबाहेर कोणी ढुंकूनही बघत नाही.

बाबा : वायसर, ऊठ पोरी.

सहलवाली : वायसर?

वायसर : मीच. लहानपणी बाबांच्या गॅरेजात एक वायसर गिळला होता, नटाखालची ती चकती. दोन दिवस अख्खं गॅरेज कामधंदा सोडून त्याची वाट बघत होतं. तेव्हापासून खरं नाव फक्त पासपोर्टवर. बसा, बाबा.

बाबा : मॅडम, या फोटोत केबिनच्या खाली ते करडं करडं काय आहे?

सहलवाली : ते होय? उघडे कट्टे. सिमेंटचे. ऊन, धूळ, आणि आवाज तर विचारूच नका, बरगड्या हलतात. आमच्या पाहुण्यांना आम्ही तिकडे पाठवत नाही.

बाबा : मला पाठवा.

वायसर : नाही.

सहलवाली : तसे कानात बोळे घालून बसतात लोक...

वायसर : मॅडम, यांचा उजवा कान गेलाय. डावा निघालाय. डॉक्टर म्हणतात, जपलं तर अजून दोनेक वर्षं रेटता येईल. आणि असल्या ठिकाणी एक दुपार बसले, तर संध्याकाळी काही शिल्लक राहीलच असं नाही.

बाबा : डॉक्टर 'राहीलच असं नाही' म्हणाला. 'राहणार नाही' असं नाही म्हणाला.

वायसर : मग बोळे घाला.

बाबा : बोळे घातले तर मला आत्ताच काही ऐकू येत नाही. कानात कापूस कोंबून बसायला सातासमुद्रापार कशाला जायचं? घरची गादी काय वाईट आहे?

सहलवाली : पण मग शर्यतच कशाला, काका? तळ्यांची सहल बघा ना. तळी फार शांत असतात.

वायसर : मॅडम, हे इंजिनांचे वैद्य. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग हे सांगणार, तिसऱ्या सिलिंडरला सर्दी झालीय.

बाबा : सर्दी नाही. वॉल्व्ह.

वायसर : आणि गेल्या वर्षी यांनी एक गाडी ठणठणीत म्हणून सोडली. बेअरिंग असं गळा काढून रडत होतं की शेजारचा न्हावी अर्धी दाढी सोडून बाहेर आला. गॅरेजात सगळ्यांना ऐकू येत होतं. कोणी ब्र काढला नाही. उस्ताद ठणठणीत म्हणतात, म्हणजे आपलेच कान खराब.

बाबा : चौकात बंद पडली ती. माणूस ढकलत घेऊन आला. भला माणूस. एक शब्द बोलला नाही. चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

वायसर : हासडल्या होत्या, बाबा. तो तुमच्या उजवीकडे उभा होता.

बाबा : ...हो?

वायसर : चांगल्या होत्या. मला दोन नवीन होत्या.

बाबा : मग तू का नाही सांगितलंस?

वायसर : तुम्ही त्याला चहा विचारत होतात.

सहलवाली : मी... पाणी मागवू का?

बाबा : नको. मॅडम, तुम्ही मला एक सांगा. निरोगी माणूस डॉक्टरकडे जातो का?

सहलवाली : नाही. कशाला जाईल?

बाबा : तसंच आहे हे. माझ्याकडे आली ती प्रत्येक गाडी आजारी. खोकणारी, धापा टाकणारी, कण्हणारी. बरी झाली की दुसऱ्या मिनिटाला फाटकाबाहेर. जन्मभर मी दुखणीच ऐकली. या शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं कशी, जिथल्या तिथे सगळं, एक दाणा इकडेतिकडे नाही. टीव्हीवर ती डासासारखी वाटतात. वळणाआधी गिअर उतरताना ती काय बोलतात, ते मला एकदा समोर बसून ऐकायचंय. एकदा. मग कान मिटला तरी चालेल.

वायसर : मला नाही चालणार.

बाबा : तुझा आवाज मला पाठ आहे, बाळा. त्या गाडीचा नाही.

वायसर : आईचाही पाठ होता.

बाबा : आहेच.

वायसर : ती गेल्यानंतर तिचे फोनवरचे निरोप मी जपून ठेवलेत. परवा त्यातला एक तुमच्या डाव्या कानाला लावला. तुम्ही म्हणालात, कोण बाई आहे ही, फार घाईत दिसते.

बाबा : काय म्हणत होती?

वायसर : येताना दही आणा, म्हणत होती.

बाबा : तुझा फोन खराब आहे.

वायसर : असेल.

बाबा : नसेलही. म्हणूनच सांगतोय. जपून जपून काय होणार आहे? दोन वर्षं रोज सकाळी उठून, आज किती उरलं ते बघायचं. मला नाही जमायचं ते. पैसे तुझे आहेत, तू नको म्हणालीस तर नको. घरी जाऊ. पण काचेत मला बसवू नकोस. समोर गाडी धावतेय आणि ऐकू येत नाही, हे बघायला मला कुठे जावं लागत नाही. ते रस्त्यावर रोज दिसतं.

वायसर : ...मॅडम.

सहलवाली : हं?

वायसर : कट्ट्याच्या दोन जागा बघा. वळणाच्या अगदी जवळच्या.

सहलवाली : नक्की? आणि हॉटेल तेच ठेवू? उशा?

वायसर : उशा असू द्या. रात्री एखाद्या उशीत तोंड खुपसावं लागेल. जाडजूड बघून द्या.

सहलवाली : मी... आत विचारून येते, जागा आहेत का.

(सहलवाली आतल्या खोलीत जाते. दार लोटलं जातं.)

बाबा : तू बोळे घाल हं.

वायसर : घालीन. घरात एक तरी कान लागेल.

बाबा : रागावलीस?

वायसर : नाही. हिशेब बसत नाहीये. परत आल्यावर बोलायचं कसं आपण? मी दिवसभर बडबडते. एवढी बडबड टाकू कुठे?

बाबा : कॉम्प्रेसर चालू असला की गॅरेजात कुठे कोणाचं ऐकू यायचं? आम्ही हातांनीच बोलायचो.

वायसर : माहितीये. पाना दे, चहा सांग, साहेब आला. तीनच खुणा होत्या.

बाबा : तेवढ्यावर जन्म काढला. कधी अडलं नाही.

वायसर : आणि 'घाबरू नका, मी इथेच आहे', याला काय होतं?

बाबा : ते कधी लागलं नाही.

वायसर : आता लागेल.

बाबा : मग तू ठरव एक. सोपं ठरव, माझी बोटं जाड आहेत.

वायसर : आत्ता?

बाबा : आत्ताच. दाखव. मी बघतोय.