माह्या टाचा पाहत येजो

नाही ना पोरी, मी आता कोणाले शिकवत नाही — तुले कोणीतरी जुनी गोष्ट सांगतली. कोण होता तो, असू दे, नाव नको सांगू, मी संजीव लाइनमन ह्या तलावात पोहतो हे अर्ध्या तुमसरले माहीत आहे. बस, पायरीवर बस, एवढ्या दुरून स्कुटीवर आली त पाणी त पी. डिसेंबरची रेस मारायची म्हणतं? चांगली गोष्ट आहे. साडेसातशे मीटर पोहणं, मंग बपेऱ्याच्या रोडानं दहा किलोमीटर सायकल न तेवढीच वापस, मंग पाच किलोमीटर धावणं — सायकल न धावणं तू करशीन, पाय दिसून राह्यले तुहे — पण हे पाणी? हे काही नागपूरचं स्विमिंग पूल नाही बाप्पा, खाली निळ्या फरशा असलेलं. यात आपला हात आपल्याले दिसत नाही.

ते पाह्य, पल्याड हिरवं दिसते ना, बांबू गाडून लाल चिंध्या बांधल्या तिथं — तो शिंगाड्याचा वेल. मासे धरणाऱ्या ढिवर लोकायच्या सोसायटीचा आहे. वरून पानं कशी छान पसरली आहेत, पण खाली नुसते देठच देठ, पार गाळापर्यंत. आमी लहानपणी चोरत होतो शिंगाडे, गावात कोणी नाही चोरले ते सांग! त्याची रीत असते — पालथं पडायचं, दोन्ही पाय जोडून ढिल्ले सोडायचे, न नुसत्या हातानं वेल बाजूले सारत सरकायचं. पाय मारला का गुंडाळला वेल. न जितका सोडवायले जाशीन तितका आवळते. हे आमच्या गावच्या पोट्ट्यायले कोणी शिकवत नाही, येतेच आपोआप. म्हणून त जीवनलेबी मी — जाऊ दे.

जीवन म्हणजे माहा दोस्त. राइस मिलमध्ये पोते उचले, आता गेटवर बसते. मी त्याच्या मिलची लाइन दुरुस्त करायले गेलो होतो, तिथं ओळख झाली. पेपरात ह्या रेसचं वाचलं न दोघंबी पागल झालो — चाळीशी ओलांडलेले दोन गडी, एकाले पोहता येते, एकाले नाही! त्याले मी इथंच शिकवलं, ह्याच पायरीवरून, जूनपासून डिसेंबरपर्यंत. पाण्याले लय भ्याये तो. न चष्मा एवढा जाड, पोहायच्या चष्म्यात कुठून येईन तो नंबर? चार हातापलीकडे त्याले सारं धुकं. रेसमध्ये पाण्यात मोठमोठे नारंगी फुगे सोडतात, त्याले वळसा घालून जा लागते, वर झेंडा असते — त्याले ना फुगा दिसे ना झेंडा. मंग मी एक युक्ती काढली. म्हणलं, तू काही पाहू नको, माह्या टाचा पाहत येजो. टाचा गोऱ्या आहेत माह्या, बुटात राहून राहून — हास, हास, तोबी असाच हासे. न खूण ठरवली. टाचेले एकदा बोट लावलं का आहो मी मागं, सारं ठीक. दोनदा लावलं का थांब. सहा महिन्यात एकदाबी चुकलो नाही आमी.

हो, रेसच्या दिवशी बुडता बुडता वाचला. त्याच्यासाठीच सोडलं मी शिकवणं. चष्मा नव्हता, दिसलं नाही, भरकटला न वेलात घुसला. दादाजी ढिवरानं डोंगा घालून काढला बाहेर, विळ्यानं वेल कापून. अकरा दिवस दवाखान्यात होता. फुप्फुसात पाणी — हे गाळाचं पाणी वाईट असते पोरी. आता दहा पायऱ्या चढला का बसते. पोतं त सोडच.

काय? मी कुठं होतो म्हणजे? मी समोर होतो. समोरच त असे मी, सांगतलं ना. भरकटला कसा मंग — हे बरोबर विचारलं तू. एवढ्या लोकायनं भेट घेतली माही, हारतुरे झाले, कोणी नाही विचारलं. माह्या बायकोनंबी नाही विचारलं.

पाह्य, तिसरा फुगा होता त्या शिंगाड्याच्या पल्याड. त्याले वळसा घालून या लागे. न माह्या समोर दोघं होते, नागपूरचे, चाळीसच्या वरच्या गटातलेच, त्यायच्या दंडावरचे नंबर मी वाचले होते. म्हणजे मी तिसरा. न मागून एकजण पाणी कापत येऊन राह्यला होता. पंचाचा डोंगा पल्याडच्या बाजूले, ऊन त्याच्या डोळ्यावर. मी काही ठरवलं नाही पोरी, आईची शपथ — ठरवलं असतं त जीवनले सांगतलं नसतं का? शरीरच वळलं. लहानपणापासून वळलेलं शरीर ते! पाय जोडले, ढिल्ले सोडले, न वेलातून सरकलो सर्र. चाळीस हात वाचले माहे. चाळीस नाही, पन्नास असतीन.

न तो त माह्या टाचा पाहत होता.

त्याले काय माहीत इथं पाय मारायचे नसतात? मीच त शिकवलं होतं — पाय थांबवू नको जीवन, काही झालं तरी पाय मारत राह्य. टाचेले लागलं माह्या. दोनदा लागलं. मंग तिसऱ्यांदा. मी म्हणलं वेल असन. पाण्यात मी सोताले सांगून राह्यलो होतो, वेल आहे, वेल आहे, समोर चाल. वेलाले काय बोटं असतात का? सहा महिने ज्या बोटाचा स्पर्श रोज होता तो मले वळखू नाही येत? आलं वळखू. न मी समोर हात मारला.

मंग सायकल चालवली. वीस किलोमीटर. बपेऱ्याच्या रोडावर लोकं टाळ्या वाजवत होते न मी एकदाबी मागं वळून पाह्यलं नाही, काहून का मागं तो दिसला नसता. धावलोबी. तिसरा आलो, चाळीसच्या वर. मेडल गळ्यात पडल्यावर कोणीतरी सांगतलं, तुमच्या दोस्ताले भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. मी असा चेहरा केला जसं मले पहिल्यांदाच समजून राह्यलं.

त्यानं कोणाले काय सांगतलं माहीत आहे? मीच चुकलो, मले दिसलं नाही, संजीवची काही गलती नाही. मिलवाल्यायनं माहा सत्कार ठेवला तेव्हा हार त्यानंच घातला. धापा टाकत स्टेजवर चढला न हार घातला. दर रविवारी चहाले येते, न मी दर रविवारी म्हणतो आज सांगीन, न साखर कमी झाली का जास्त तेच विचारतो. दोन वर्षं झाली. त्याले माहीत आहे का नाही, हेच मले समजत नाही. माहीत नसन त सांगतल्यावर दोस्त जाईन. माहीत असन त — त तो चहा कसा पिते माह्या घरचा?

आता तुलेच काहून सांगतलं मी हे. अनोळखी माणसाले सांगणं सोपं असते, म्हणून असन. तू काही बोलू नको कुठं. बोललीबी त तुले कोण वळखते इथं — काय? मघापासून काय सांगून राह्यली तू? थांबवलं मी, हो, सांग आता. कोणी पाठवलं?

मामानं.

जीवन तुहा मामा होय?

सख्खा. त्याच्या बहिणीची, कौशल्याची पोरगी तू. नाक त तेच आहे, मी पाह्यलं कसं नाही. — न काय म्हणाला तो? जसं म्हणाला तसंच सांग, आपलं काही घालू नको. संजीवकडेच जा, त्याच्यासारखा कोणी शिकवत नाही. आणखी? टाचा पाहत जाजो त्याच्या — मंग?

पण झेंडाबी पाहत जाजो.

असं म्हणाला. हासून म्हणाला का — नको, नको सांगू.

जाय पोरी. ऊन चढून राह्यलं, स्कुटी काढ. नाही, आज नाही. जाय म्हणलं ना.