एका छपराखाली दोन पायाळू

न्हाई न्हाई, तुमी बसा वसरीत निवांत, गाडीचे बैल सोडले न्हवं, मंग टेका आता… घर माहंच हाय, वसरी बी माहीच, पन मी हितं आंगनातच बरा. असं काय बघून राहिले? डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मानूस आपल्याच दारात भिजत बसलं म्हंजे याड लागलं असं वाटतं ना? मला बी वाटलं असतं. पन तुमाला सांगतो, मला बाहेर काढलंय. आत माही बायको गोजर बाळंत व्हून राहिली, हत्ती नक्षत्राचा पाऊस, आभाळ कळमनुरीकडून काळंभोर भरून आलं, आन पहिला गडगडाट झाला तशी सुईन पारुबाई दारात येऊन म्हनली, "दगडोबा, तू उठ. आज तू घरात नको." का? तर मी पायाळू. लोकं डोक्यानं येतात, मी आईच्या पोटातून पायानं आलो, एवढाच काय तो माहा गुन्हा, आन त्या दिसापासून आभाळातली ईज म्हने माह्याच मागावर हाय.

आता तुमीच सांगा, हीच लोकं आभाळ निरभ्र असलं की कशी बोलतात? पाठीत उसन भरली की, "दगडोबा, येता का राजेहो, जरा पाय लावा!" पायाळूची लाथ बसली की उसन पळती म्हनतात, मंग काय, पाटील पालथा, पाटलाचा भाऊ पालथा, देवळाचा पुजारी पालथा… सकाळी तोंड धुवायच्या आधी आमच्या आंगनात तिघं-चौघं पालथे पडलेले. अन् तो अमीनसाहेब! निजामाचा अमीन, म्हंजे ठान्याचा फौजदार, घोड्यावरून आला की गावातली कुत्री बी गप व्हायची. त्याचा शिपाई मला बोलवायला आला तवा माह्या मायनं तर रडाया सुरू केलं, पोरगं गेलं आता. जाऊन बघतो तर साहेब बाजेवर पालथे, "आव मियाँ, लात मारो. हल्लू मारो, हाँ… और एक." साऱ्या तालुक्यात अमीनाला लाथा मारून वर चहा पिऊन आलेला मानूस मी एकटाच असंल. पन येताना वाटंत आभाळ गुरगुरलं, अन् मला पोचवायला आलेला तोच शिपाई काय म्हनतो, "तुम म्होरे चलो, मैं आता पिच्छेसे." पिच्छे म्हंजे किती? एक अख्खं वावर सोडून! पायानं आलो, एवढाच गुन्हा. उसनीला मी पाह्यजे, पावसाला मी नको.

थांबा… थांबा जरा.

बघितली? बाळापूरच्या अंगानं गेली. तुमाला खरं सांगतो, लोकांचा मला राग येतो, तिचा येत न्हाई. येवढं मोठं आभाळ, ते असं वरून खालपतोर उभं उसवतं, अन् त्यातून जो उजेड सांडतो त्यात कुठली कुठली झाडं, दिवसा बी न दिसनाऱ्या लांबच्या टेकड्या, सारा मुलूख येकदम म्होरं येऊन उभा राहतो… अन् गेला. डोळे मिटले तरी आत दिसतच राहतो. असं दुसरं काय बघितलंय आपुन? लोकं कान झाकतात, मी हात जोडतो. भ्या वाटतं, लई वाटतं, पन बघितल्याबिगर राहवत न्हाई.

तर काय सांगत होतो… गोजर. माहं लगीन जमंना बघा. जिथं जाव तिथं कोनीतरी सांगायचंच, पोरगं पायाळू हाय, अन् पोरीचा बाप म्हनायचा, पोरीला काय इजंच्या तोंडी देऊ? शेवटी सोनाजीमामानं शिरड शहापूरचं ठिकान काढलं, उकंडरावाची पोरगी. मला बजावलं, "तू तोंड उघडू नको. लगीन लागल्यावर कळंल ते कळंल." रोहिनीचं ऊन, आभाळात चिटपाखरू न्हाई, मी म्हनलं आज देव आपला हाय. बैठकीत बसलो, पोरगी आली, गोजर, खाली बघून पोहे ठेवले, मी एक घास तोंडात घातला… अन् गुडुम.

मी हाललो न्हाई. पन मामा! जनमभराची सवय हो त्याची, आभाळ वाजलं की माह्याजवळून सरकायचं. सरकला चार हात. उकंडराव म्हनतो, "काहून हो, काय टोचलं काय?" मामा म्हनतो, "न्हाई न्हाई, वारं घेऊन राहिलो." दुसऱ्यांदा चमकली तसा मामा उठून पार दारात. आतून मंजुळाबाईचा, म्हंजे सासूबाईचा, आवाज आला, "पोरगं पायाळू तर न्हाई ना?" मामा छताकडं बघून राहिला. मी म्हनलं, झाकून किती झाकावं, म्हनलं, "व्हय. पायाळूच हाय."

आता तुमाला काय वाटतं, मला हाकललं? न्हाई. ती माउली धावत बाहेर आली ती सरळ आपल्या पोरीचा दंड धरून वरडाया लागली, "आगं माय माय, एका छपराखाली दोन पायाळू!" अन् मंग तिच्याच ध्यानात आलं आपुन काय बोललो ते. मामा दारातून म्हनतो, "म्हंजे… पोरगी बी?" उकंडराव जमिनीकडं बघत म्हनतो, "तुमी बी सांगितलं न्हवतं की." म्हंजे बघा, इकडं आमी झाकून राहिलो, तिकडं ते झाकून राहिले, अन् आभाळानं दोघांचं उघडं केलं!

मंग भांडन कशाचं? बाहेर कोनी जायाचं त्याचं. पोरीला काढावं तर पाहुण्यांसमोर शोभत न्हाई, पाहुण्याला काढावं तर रीत न्हाई. शेवटी काढलं दोघांला. मला गोठ्यात, तिला आंगनाच्या त्या टोकाला कडब्याच्या गंजीपाशी. पाऊस असा की समोरचा बैल दिसंना. मी गोठ्यात बसलेला, अन् बघतो तर ही डोक्यावर पदर धरून पान्यातून सरळ माह्याकडं येऊन राहिली. मी म्हनलं, "आवो, लांब राहा, मी पायाळू हाय." तर काय म्हनली? "पडायची ती पडंल. येगयेगळं बसून तिला दोन खेपा काहून घालाया लावायच्या?" अन् बसली माह्या शेजारी. आभाळ वाजत असताना, तुमाला सांगतो, माही माय सोडून कोनी माह्या शेजारी बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. माहे डोळे भरून आले. गोठ्याचं छपर गळत व्हतं म्हनून बरं.

अन् तवाच ती पडली. आवाज मागून आला, आधी नुसता उजेड. पांढरा. बैलाच्या कानावरचा एक एक केस दिसला, हिच्या हातातल्या बांगडीवरचा पान्याचा थेंब दिसला, अन् मंग असा दनका की कानात काही राहिलंच न्हाई. घरामागची चिंच, दोघांच्या कवेत न येनारी, पार बुंध्यापतोर उभी चिरली. धूर, अन् चुन्याच्या भट्टीसारखा वास. आमी दोघं तसेच, एकमेकाचा हात धरलेला, कवा धरला ते दोघांला बी ठाव न्हाई. घरातले बाहेर आले तवा मामा म्हनतो, पायाळू बाहेर व्हते म्हनून घर वाचलं. सासूबाई म्हनत्या, ह्यायलाच शोधत आली व्हती, चिंचंवर भागवलं. अन् उकंडराव चिंचेकडं बघून म्हनला, "आता ह्यायला दुसरं कोन करनार हाय? घाला अक्षता."

घातल्या. पहिलं बाळंतपन खरं तर माहेरी, पन सासूबाईचा निरोप आला, हत्तीच्या पावसात नको, आमची दुसरी बी चिंच हाय. म्हनून ही हितं, अन् तिला तर हलवता येत न्हाई, म्हनून मी आंगनात. आज मला माहं काही वाटत न्हाई. आत ती एकटी हाय, शेजारी मी न्हाई, अन् लेकरू कसं येतं देव जानं. पायानं आलं तर… मी सोसलं, तिनं सोसलं, त्यानं काहून सोसावं?

आरं, उठले काहून? आत बसलेली बी पायाळू हे सांगाया नको व्हतं का मी? गाडीखाली चालले? जावा. सवय हाय. पायानं आलो, एवढाच…

गप. गप व्हा जरा. आभाळ न्हवं, आतून आलं. रडलं ना? रडलंच. "पारुबाई! आवो पारुबाई, कसं आलं?"

ऐकलं? पोरगी हाय. डोक्यानं आली. डोक्यानं! अन् गोजर चांगली हाय, हसून राहिली म्हने. या, या गाडीखालून, बसा वसरीत, गूळ देतो… "पारुबाई, येऊ का मी आत, बघू का पोरीला?"

…बघा. ऐकलं काय म्हनली? "थांब तिथंच. आता घरात चांगलं डोक्यानं आलेलं लेकरू हाय, त्याला जपाया पाह्यजे." अजून डोळे उघडले न्हाईत पोरीनं, अन् बापाला बाहेर बसवलं. अन् ही आतून काय म्हनून राहिली, "पोरीला धरा कोनीतरी, मी बी जाते त्यायच्याजवळ."

न्हाई गोजर, तू पड. आजची खेप मी एकटा बसतो.