डब्याचं झाकण

...व्हय, व्हय, छापून आलंय! विंग्रजीत! आन् काय छापलंय? तर म्हनं, लाडवाचा काय उपयोग न्हाई! आवो, माझ्या लाडवाचा? ह्या गंगूबाईच्या? नाचणी, खारीक, डिंक, वर साजूक तूप... ज्या लाडवावर आमच्या रिहे गावातल्या समद्या बाळंतिणी उठून कामाला लागल्या, त्यो लाडू! म्हनं, उपयोग न्हाई!

आन् छापलं कुनी? परक्यानं छापलं असतं तर हूं का चूं केलं नसतं मी. पर ह्यो निरंजन, पुण्यास्नं पीएचडीसाठी आलेला, माझ्याच पडवीत ऱ्हायलेला, माझ्याच हातची भाकरी खाल्लेला! तापानं फनफनला तवा मिठाच्या पान्याच्या घड्या ठेवल्या वो ह्या हातानं...

तुमाला सांगते, आला तवा काय गोड बोलायचा! "काकू, तुमच्या वरच्या आळीतल्या बायका रोज लाडू खातील, खालच्या आळीतल्या खाणार नाहीत. मग कुणाची ताकद वाढते ते मशीनवर मोजू. तुमचा लाडू चांगला ठरला, की एक संस्था तो मुळशीभर वाटेल." मुळशीभर! पार ताम्हिणीपातूर माझा लाडू! आमच्या बचत गटाच्या बायकांनी लगोलग मोठाल्या कढया आनल्या.

आता खालच्या आळीत माझी थोरली जाऊ, रंभाबाई. तिनं डब्यातनं करवंदाचं लोणचं धाडलं. मंग? रिकामा डबा परत धाडतंय व्हय कुनी? घातले लाडू. तिनं त्यात वाल धाडले... घातले लाडू! गटातल्या तुळजाबाईची लेक खालच्या आळीत दिलेली, तिचा डबा. उषाची नणंद तितंच, तिचा डबा. आवो, त्यांनी काय आमचं घोडं मारलंय, आमी खायाचं आन् त्यांनी नुसतं बघत बसायचं? शोभतं का त्ये?

मशीन आलं. मूठ आवळायची, काटा पळतो. आधी येकदा मोजलेलं, आता पुन्यांदा. वरच्या आळीत काटा असा पळाला, मी म्हनलं, निघाला माझा लाडू मुळशीभर! मंग खालच्या आळीत रंभाबाईनं मूठ आवळली... तितंबी पळाला! लई पळाला! निरंजननं चष्मा पुसला. "काकू, ताकद दोन्हीकडे सारखीच वाढली. म्हणजे लाडवाचा काही उपयोग नाही." झालं! संस्थेच्या बाईंचा फोन, "सॉरी हं गंगूबाई, आम्ही पुराव्यावर चालतो." तवापास्नं कढया पालथ्या पडल्यात. आन् वाटेत भेटंल त्यो इचारतोय, "काय गंगूबाई, उपयोग न्हाई व्हय तुमच्या लाडवाचा?"

मी धरलाच निरंजनला. म्हनलं, खालच्या आळीत डबे जात हुते, त्याचं काय? तर म्हनतो, "कसले डबे?" कसले? आरं, तुझ्याच गाडीच्या हँडलला अडकवत हुते न्हवं मी? "निरंजना, जाता जाता येवढा रंभाबाईला दे बाबा!" त्योच पोचवायचा वो! पोराचं तोंड पांढरंफटक. "काकू, मला वाटलं लोणचं असेल..." आरं, येवढं मोठं संशोधन केलंस, येकदा झाकन उघडून बघायचं तरी!

बरं, चुकलं तर चुकलं. म्हनलं, आता खरं काय त्ये छाप. तर मान खाली. "काकू, आता बदललं तर माझी पदवी अडकेल." म्हंजी त्याची पदवी ऱ्हायली आन् माझा लाडू गेला! लाडवाचं येक येळ सोडा... पर पोटच्या पोरासारखं केलं हुतं वो मी. लई लागलं मनाला.

परवा आला. पेढे घिऊन! डॉक्टर झाला म्हनं. आन् संगं कुन्या कंपनीची ताकदीची पावडर. "काकू, नवीन संशोधन. वरच्या आळीला पावडर, खालच्या आळीला काही नाही."

चहा दिला. रंभाबाईचा डबा आलेला पडला हुता, रिकामा कसा धाडायचा? घातली पावडर. निगताना हँडलला अडकवला, म्हनलं, जाता जाता येवढा रंभाबाईला दे बाबा.

घेतला! झाकन न्हाई उघडलं!

आता बघा तुमी, वरसाभरानं छापून येतंय... म्हनं, पावडरीचाबी काय उपयोग न्हाई.